नळवाल्यांनी बसवलेला गळका नळ

नळवाल्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते वाचायची वेळ फक्त पोस्टमनवर यायची. बाकी सगळ्यांना ते नळवाले, आणि समोर आले की काका. चाळीस वर्षं त्यांनी पाईप कापले, पाईप जोडले, गळणारं बंद केलं आणि तुंबलेलं मोकळं केलं. एवढ्या वर्षांत त्यांचं वैर कुणा माणसाशी झालं नाही. झालं ते पाण्यातल्या क्षाराशी.

त्या भागातलं पाणीच तसं जड. नळाच्या तोंडाला महिन्याभरात पांढरी दाढी फुटायची. गीझरच्या कॉईलवर बोटभर थर चढायचा. साबण घासून घासून माणूस दमायचा, पण फेस काही यायचा नाही. नळवाल्यांच्या हत्यारांच्या पेटीत वीतभर लांबीचा एक जुना पाईप असायचा. बाहेरून एक इंची. आतून क्षार साठून साठून काडेपेटीची काडी जेमतेम जाईल एवढंच भोक उरलेलं. एखादं गिऱ्हाईक "एवढं काय बिघडलंय त्यात?" म्हणालं, की नळवाले तो पाईप दुर्बिणीसारखा त्याच्या डोळ्याला लावायचे.

"बघा यातून. मी दिसतो का?"

"नाही."

"मग पाण्याला तुमची बादली कशी दिसणार?"

गिऱ्हाईक बाजूला सरकायचं आणि नळवाले कामाला लागायचे.

तीन वर्षांपूर्वी घरात सून आली. ती कवळ्या बनवायची. दातांच्या दवाखान्यांतून साचे यायचे, आणि ही एकेक दात घडवून त्याला असा रंग द्यायची, की शेजारच्या खऱ्या दातालाही संशय येऊ नये. येताना तिने दोन बॅगा आणल्या आणि चार फुटी काचेची एक टाकी. नळवाल्यांचा मुलगा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, ओझ्याला सरावलेला. पण ती टाकी जिन्यावरून चढवताना त्यालाही घाम फुटला.

"संसार आणलाय की दुकान?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, संसार यातच आहे," सून म्हणाली आणि प्लास्टिकच्या पिशव्या एकेक करून खाली ठेवू लागली. पिशव्यांत मासे होते.

टाकी पाण्याने भरली की ती मासे लगेच आत सोडेल असं नळवाल्यांना वाटलं होतं. सुनेने तसं केलं नाही. पिशव्यांतले मासे तिने त्यांच्याच पाण्यासकट एका बादलीत घेतले, टाकीतून एक बारीक नळी बादलीत सोडली, नळीला गाठ मारली आणि टाकीतलं पाणी थेंब थेंब बादलीत पडू दिलं. दोन तास ती शेजारी मांडी घालून बसली.

"चाळीस वर्षं मी लोकांच्या घरचे थेंब थांबवतोय," नळवाले म्हणाले, "आणि तू मुद्दाम ठिबकवतेस."

"बाबा, यांना पाणी बदललेलं चालतं. एकदम बदललेलं चालत नाही. माणसासारखंच आहे त्यांचं."

ते वाक्य नळवाल्यांना आवडलं. सूनही आवडली. पण मासे खरे आवडले ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी, त्यांचे रंग वर आल्यावर.

तोवर नळवाल्यांना वाटायचं, मासा म्हटला की राखाडी. फार तर त्या गोल भांड्यातला नारिंगी. हे मासे तसे नव्हते. आफ्रिकेतल्या एका अफाट तळ्यातली ही जात, सून सांगायची. तळं कसलं, समुद्रच, आणि त्याचा काठ सगळा दगडांचा. म्हणून तिच्या टाकीत हिरवळ नव्हती, शंख-शिंपले नव्हते. पांढरी वाळू आणि करड्या दगडांची एक रास, बस. पण त्या करड्या दगडांपुढून एकेक मासा जायचा तेव्हा नळवाल्यांचा चहाचा कप हातातच राहायचा. लिंबासारख्या पिवळ्या पाच-सहा मासोळ्या होत्या; त्यांच्या पाठीवरच्या पंखाला काळी कड अशी, की कुणीतरी टोकदार पेनने ओढून दिली असावी. दोन फिक्या जांभळ्या. एक गाजराच्या रंगाची. आणि सगळ्यांवर हुकूम चालवणारा एक निळा, अंगावर काळे उभे पट्टे. तो निळा नळवाल्यांनी आयुष्यात एकाच ठिकाणी पाहिला होता: पितळेचा सांधा जोडताना गॅसच्या दिव्याच्या ज्योतीच्या अगदी मुळाशी. तो एवढा चार बोटांचा जीव दगडांच्या राशीभोवती दिवसभर गस्त घालायचा आणि कुणी आपली हद्द ओलांडली की अंगावर धावून जायचा. नळवाल्यांनी त्याचं नाव ठेवलं मुकादम.

"कामाला हात लावत नाही," ते म्हणायचे, "नुसता लोकांवर ओरडत फिरतो. अस्सल मुकादम."

पण मुकादमाला कामही होतं. तो आणि बाकीचे सगळे दगडाला तोंड लावून त्यावरचं शेवाळ खरवडत असायचे. बारीक दातांनी, न थकता, एका बाजूने सुरू करून दुसऱ्या बाजूला. वाळू नको तिथे असली की तोंडात भरायची आणि दुसरीकडे नेऊन थुंकायची. नळवाले खुर्ची ओढून तासन् तास बघत बसायचे. खरवडणं म्हणजे काय ते त्यांना माहीत होतं, आणि इतकं मन लावून खरवडणारा कारागीर त्यांनी दुसरा पाहिला नव्हता.

एक दिवस एका पिवळीने खाणं सोडलं. हनुवटी फुगली. सून म्हणाली, हिच्या तोंडात अंडी आहेत. पिल्लं होऊन फिरती होईपर्यंत तीन आठवडे ही असंच तोंड मिटून राहणार.

"तीन आठवडे उपाशी?" सासूबाईंनी काचेला नाक लावलं. "आणि पोराला अर्धा तास धरा म्हटलं की तुम्हाला कुणाचा तरी नळ आठवायचा."

"अगं, तोंडात धरायला सांगितलं असतंस तर धरला असता," नळवाले म्हणाले.

तर अशा घरात दर रविवारी एक गोष्ट घडायची, आणि ती नळवाल्यांच्या डोळ्यांत खुपायची. सून रबरी नळीने टाकीतलं तिसरा हिस्सा पाणी काढायची, नवं भरायची, आणि मग जुना टूथब्रश घेऊन काचेवरची पांढरी रेघ घासत बसायची. पाण्याच्या पातळीवर क्षाराची ही रेघ आठवड्याला जमायची आणि घासून-खरवडून सुनेची नखं झिजायची. नळवाल्यांना वाटायचं, सगळ्या वस्तीचा क्षार काढणारा मी, आणि माझ्याच घरात सून क्षार खरवडते. लोहाराच्या घरी विळा बोथट, ते हेच.

म्हणून त्यांनी एक बेत केला. सून कसलंसं प्रशिक्षण घ्यायला बारा दिवस बाहेर गेली, तेव्हा त्यांनी जिन्याखालच्या हत्यारांच्या खोलीत, जिथे पाण्याची मुख्य लाईन घरात शिरते तिथे, पाणी मऊ करणारा सॉफ्टनर बसवला. एक उंच नळकांडं, शेजारी मिठाच्या पाण्याची टाकी. जड पाणी एका बाजूने आत जायचं, क्षार आतच राहायचा, आणि मऊ पाणी घरभर. दोन्ही सांधे त्यांनी असे बसवले की बोट फिरवलं तरी कळू नये. मग खोलीला कुलूप लावलं.

"मिठाची पोती कशाला आणलीत?" सासूबाईंनी विचारलं.

"एका गिऱ्हाइकाची आहेत."

त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, आणि त्याला कारण होतं. नळवाल्यांचं म्हणणं असं, की चांगलं नळकाम बोलत नाही. जे दिसतं, ऐकू येतं, ते वाईट काम. जे बसवलंय हे घरातल्यांच्या लक्षातही येत नाही, ते खरं. पण मनात हेही होतं, की सुनेच्या आपणहून लक्षात यावं. तिने विचारावं, "बाबा, पाण्याला काय केलंत?" आणि आपण मिशीतल्या मिशीत हसून म्हणावं, "कुठे काय?"

सून परत आली. आठवडा गेला, दोन गेले.

"साबणाला हल्ली फेस बरा येतो," सासूबाई म्हणाल्या. "कंपनी सुधारलेली दिसते."

"माझे केसही मऊ झालेत," सून म्हणाली. "तेल बदललं ना, म्हणून असेल."

नळवाले पेपरामागे हसले. त्यांनी ठरवलं, घाई नको, कळेल तेव्हा कळेल.

चौथ्या आठवड्यात मुकादमाचा रंग उतरला.

आधी ते एकट्या सुनेच्या लक्षात आलं. दातांच्या दहा पांढऱ्यांतून एक पांढरा निवडणारा तिचा डोळा. "बाबा, हा निळा कालचा नाही," ती म्हणाली. नळवाल्यांना तसं काही दिसलं नाही. पण आठवड्याभरात त्यांनाही दिसलं. निळ्यात राख मिसळल्यासारखं झालं. पट्टे पुसट झाले. मुकादमाने गस्त सोडली आणि तो हीटरच्या मागे कोपऱ्यात उभा राहू लागला; जांभळ्या त्याच्या राशीवर खुशाल फिरत होत्या आणि तो त्यांच्याकडे बघतही नव्हता. पिवळ्यांनी पंख अंगाशी आवळून घेतले होते. मध्येच एखादी दगडाला अंग घासायची. आणि एका सकाळी त्यांतली एक वाळूवर आडवी पडलेली दिसली. तीच, जिने तीन आठवडे तोंड मिटून पिल्लं धरली होती.

सुनेने ती हातजाळीने काढली. मग तिने जे जे तपासता येईल ते तपासलं. बारक्या बाटल्यांतले थेंब पाण्यात टाकून रंग पाहिले, ठीक. हीटर ठीक. खाणं बदलून पाहिलं. फिल्टर उघडून धुतला. मधल्या काळात पाण्यात औषध टाकलं, त्याने काही फरक पडला नाही. ती कामावरून आली की बूटही न काढता आधी टाकीपाशी जायची.

"असंच चाललं तर पंधरा दिवसांत टाकी रिकामी होईल," ती एकदा सासूबाईंना म्हणाली. तिचा आवाज साधाच होता. पण नळवाल्यांना तो आवाज माहीत होता. घरात पाणी शिरून सगळं भिजल्यावर लोक असेच शांतपणे बोलतात.

त्या शनिवारी संध्याकाळी नळवाले टाकीपुढे बसले होते आणि सून काचेला ओला फडका मारत होती. मारता मारता थांबली.

"एक बरं झालं बाबा. ती पांढरी रेघ हल्ली येतच नाही. महिनाभर ब्रश लावला नाही मी."

नळवाल्यांनी काचेकडे पाहिलं. काच स्वच्छ होती. इतकी स्वच्छ, की त्यांनी पाण्याच्या पातळीवरून बोट फिरवून पाहिलं.

हीच दाद त्यांना हवी होती. महिनाभर ते हिची वाट बघत होते. आणि ती अशी आली.

"हे मासे," त्यांनी सावकाश विचारलं, "कसल्या पाण्यातले म्हणालीस तू?"

"जड पाण्यातले. दगडाचा क्षार विरघळलेला असतो त्या तळ्यात, तोच यांचा जीव. म्हणून तर आपल्या घरी मजेत होते. बाकीचे लोक पाण्यात मुद्दाम क्षार मिसळतात. मला कधी मोजायचीही गरज पडली नाही. आपलं पाणी म्हणजे दगडच."

नळवाले "हं" म्हणाले आणि उठले. त्या रात्री ते जेवायला बसले खरे, पण मन ताटावर नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच. सांगावं? काय सांगावं? की तुझी पिवळी मी मारली? चाळीस वर्षांत एकाही घरातून त्यांच्या कामाची तक्रार आली नव्हती. आणि पहिली यायची ती स्वतःच्या घरातून. मग त्यांना वाटलं, सांगायची गरजच काय. एक कॉक फिरवला की सॉफ्टनर बाजूला आणि जड पाणी सरळ घरात. गुपचूप बसवलं तसंच गुपचूप काढू. मासे बरे होतील, आणि साबणाची कंपनी पुन्हा बिघडली असं सासूबाई म्हणतील. चांगलं नळकाम बोलत नाही.

रविवारी सकाळी त्यांनी कुलूप काढलं, कॉक फिरवला, नळ सोडून पाणी हातावर घेतलं. बोटं घासून पाहिली. तेच जुनं, खरखरीत पाणी. त्यांना बरं वाटलं. ते वर आले.

वर सून बाह्या सरसावून उभी होती. रबरी नळी टाकीत, आणि टाकीतलं पाणी अर्ध्याच्या खाली आलेलं. मासे उरलेल्या पाण्यात दगडांना चिकटून बसले होते.

"आज अर्ध्याहून जास्त बदलते," ती म्हणाली. "पाण्यातच काहीतरी आहे बाबा, काय ते मला सापडत नाही. सगळं नवं भरते."

तिने नळीचं दुसरं टोक बेसिनच्या नळाला लावलं आणि नळाकडे हात नेला.

यांना पाणी बदललेलं चालतं. एकदम बदललेलं चालत नाही.

नळवाल्यांच्या गुडघ्यांनी बऱ्याच वर्षांत अशी चाल दाखवली नव्हती. ते दोन ढांगांत बेसिनपाशी आले आणि त्यांनी नळावर हात ठेवला.

"थांब. हे पाणी नको घालूस."

"का?"

"हे जड आहे. आता पाच मिनिटांपूर्वी जड झालंय. टाकीतलं मऊ आहे."

सुनेने नळीचं टोक नळावरून काढलं. नळवाले खाली गेले, हत्यारांच्या पेटीतून तो वीतभर पाईप घेऊन आले आणि तिच्या हातात दिला. आता लपवण्यात अर्थ नव्हता, आणि त्यांना लपवायचंही नव्हतं. जिन्याखालची खोली, सॉफ्टनर, मिठाची पोती, बारा दिवस, सगळं त्यांनी एका दमात सांगितलं.

"यातला हा पांढरा थर," शेवटी ते म्हणाले, "आयुष्यभर लोकांना शत्रू म्हणून दाखवला मी. तो तुझ्या माशांच्या तोंडचा घास होता. तो मी काढून घेतला. ती पिवळी माझ्या हाताने गेली, पोरी."

सुनेने पाईप डोळ्याला लावला, जशी गिऱ्हाइकं लावायची. बराच वेळ लावून ठेवला. नळवाल्यांना वाटलं, ती रडते आहे आणि ते दिसू नये म्हणून पाईप खाली घेत नाही. असेलही.

"बाबा," ती पाईपमागूनच म्हणाली, "तुम्ही सांगितलं का नाहीत?"

"तुझ्या लक्षात यावं म्हणून."

"आलं असतं. तुम्ही सांधे इतके चांगले केले नसते तर."

दारात उभ्या असलेल्या सासूबाईंनी डोक्याला हात लावला. "म्हणजे माझी कंपनी सुधारली नव्हती तर."

सून हसली. हसताना तिने नाक पुसलं आणि पाईप परत दिला. "सावकाश न्यायला हवं. पंधरा दिवस. रोज थोडं थोडं जड पाणी मिसळत. एकदम नाही."

"म्हणजे ठिबकवायचं."

"हो."

नळवाल्यांनी आणखी काही विचारलं नाही. त्यांनी वीस लिटरचं एक नवं प्लास्टिकचं पिंप आणलं, बुडाशी भोक पाडून त्याला एक छोटा नळ बसवला आणि ते टाकीशेजारच्या उंच कपाटावर ठेवलं. पिंपात जड पाणी, क्लोरीन मारणाऱ्या सुनेच्या औषधाचे थेंब घातलेलं. मग ते स्टुलावर चढून तो नळ लावू लागले, आणि इथे त्यांची खरी परीक्षा होती. नळ पूर्ण बंद करणं त्यांना डोळे मिटून जमत होतं. पूर्ण सोडणं कुणालाही जमतं. पण धार नको, आणि दिवसाकाठी पिंप रिकामं तर झालं पाहिजे, असा थेंबामागे थेंब पडेल इतकाच सोडायचा होता. हाताला सवय अशी, की थेंब दिसला की बोटं आपोआप आवळायची. तीनदा बंद झाला. चौथ्यांदा जमला.

"अहो," सासूबाई खालून म्हणाल्या, "लोकांनी बघितलं तर? नळवाल्यांच्या घरी नळ गळतोय."

"बघू देत. इतका चांगला गळणारा नळ दुसऱ्या कुणाकडे नसेल."

पहिले काही दिवस पाणी हळूहळू वर चढत गेलं. टाकी पूर्वीच्या पातळीला आल्यावर सून रोज सकाळी जितकं ठिबकलं तितकं बादलीने काढायची, आणि नळवाले पिंप भरून ठेवायचे. तिने क्षार मोजायची एक बाटली आणली. रोजचा आकडा कॅलेंडरवर लिहू लागली. आकडा दिवसाला एक-दोन पावलं चढायचा. पहिला आठवडा काहीच दिसलं नाही. नळवाले दिवसातून दहादा टाकीपाशी जायचे आणि विचारायचे, "तुझा डोळा काय म्हणतो?"

"अजून राख आहे."

नवव्या दिवशी पिवळ्यांनी पंख उघडले. अकराव्या दिवशी सून कामावर निघता निघता दारातून परत आली आणि टाकीपुढे वाकली. "बाबा, इकडे या. शेपटीच्या मुळाशी बघा."

नळवाल्यांनी चष्मा पुसला. शेपटीच्या मुळाशी, नखाएवढ्या जागेत, ज्योतीच्या मुळाशी असतो तो निळा उभा होता. तिथून तो रोज पुढे सरकला. पट्टे एकेक करून काळे झाले. आणि पंधराव्या दिवशी मुकादम हीटरमागून निघाला, सरळ दगडांच्या राशीवर गेला आणि महिनाभर तिथे मोकळ्या फिरणाऱ्या जांभळ्यांवर असा तुटून पडला, की सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "पाणी का उसळतंय?"

"मुकादम रजेवरून आलाय," नळवाले म्हणाले. ते खुर्ची ओढून बसले. एवढासा जीव, पाण्यातला दगड परत मिळाल्याबरोबर सगळं अंग पेटवून उभा राहिला, आणि कुणावर राग नाही, जुनं काही मनात नाही. राशीच्या एका कडेला तोंड लावून पुन्हा खरवडायला सुरुवात. नळवाल्यांनी बऱ्याच मोठ्या माणसांना आजारातून उठताना पाहिलं होतं, पण उठल्या उठल्या इतकं गुमान कामाला लागलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

त्या आठवड्यात त्यांनी पुन्हा कॉक फिरवून घराला मऊ पाणी चालू केलं, कारण सासूबाईंना फेसाची सवय झाली होती. पण सॉफ्टनरच्या आधीच मुख्य लाईनीतून एक फाटा काढला आणि तो थेट टाकीपाशी आणून तिथे पितळेचा एक वेगळा नळ बसवला. हे काम मात्र त्यांनी सगळ्यांच्या देखत केलं, दर सांध्याला सुनेला हाक मारून, हा कशासाठी आणि तो कशासाठी ते सांगत. सून चहा घेऊन शेजारी बसली आणि मध्ये मध्ये पाना देत होती.

पुढच्या रविवारी काचेवर पांढरी रेघ पुन्हा उमटली. सुनेने सवयीने टूथब्रश उचलला.

"आण इकडे," नळवाले म्हणाले, "ते माझं काम आहे." ते घासायला बसले. काचेच्या पलीकडे मुकादम दगड खरवडत होता, अलीकडे हे.

महिन्याभरात नळवाल्यांच्या मऊ पाण्याची बातमी साबणाच्या फेसासारखी वस्तीत पसरली. एक बाई आपल्या घरी सॉफ्टनर बसवून द्या म्हणून दारात आल्या. नळवाल्यांनी मापाची टेप गळ्यात अडकवली, पेटी उचलली आणि उंबऱ्यातच थांबले.

"बसवतो," ते म्हणाले. "आधी मला सांगा, घरात मासे कसले आहेत?"